शून्य चुकांचा आलेख

२ मार्च, सकाळ
आजपासून ही वही. कोणाला दाखवायची नाही. लढाईला निघालेल्या माणसाने स्वतःची नोंद स्वतःच ठेवावी, नाहीतर सुरुवात कोणी केली हे लोक सोयीस्कर विसरतात.
शत्रू एकच: चुकीचं इंग्रजी.
वही मात्र मराठीत. मन मोकळं करायला आईची भाषा लागते. इंग्रजी ही ड्युटीची भाषा, आणि ड्युटीवर माणूस कडक इस्त्रीतच हवा.

२ मार्च, संध्याकाळ
आमचा कारखाना वजनकाटे बनवतो. सोनाराच्या तळहाताएवढ्या काट्यापासून अख्खा ट्रक चढवायच्या काट्यापर्यंत. मी पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.
काट्यात ग्रॅमभर फरक पडला तर माल परत येतो. आणि त्याच मालाबरोबर जाणाऱ्या पत्रात किलोकिलोच्या चुका! त्या कोणी परत पाठवत नाही. का? कारण वाचणाऱ्यालाही कळत नाहीत. अशाने भाषा मरते. आणि मेलेल्या भाषेत कोणी ऑर्डर देत नाही.
ठराव: यापुढे कारखान्यातला प्रत्येक कागद आणि प्रत्येक मेल आधी माझ्या टेबलावर. लाल शाईने दुरुस्ती. खाली लिहिणाऱ्याचं नाव. भिंतीवर चुकांचा आलेख, सर्वांना दिसेल असा, पाण्याच्या कूलरजवळ.
साहेबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तेव्हा ते फोनवर बोलत होते, पण डोलावली माझ्याकडे बघूनच.

४ मार्च
पहिल्याच दिवशी रान माजलेलं दिसलं.
सेल्समधला टायवाला (टाय रोज असतो, गाठ रोज छातीवर आलेली असते) एका गिऱ्हाइकाला लिहितो, वी विल डिस्कस अबाउट द मॅटर अँड रिव्हर्ट बॅक. अरे, डिस्कस म्हणजेच एखाद्या गोष्टीबद्दल बोलणं. त्यात अबाउट कुठून घुसलं? आणि रिव्हर्ट म्हणजे मूळपदावर जाणं, उत्तर देणं नव्हे. तेही बॅक! पुढे त्याच पत्रात, वी डोन्ट वॉन्ट टू लूस यू. म्हणजे आम्हाला तुम्हाला सैल करायचं नाही. गिऱ्हाईक काय नट-बोल्ट आहे?
हिशेबनीस बाईंनी शिपायाच्या बढतीसाठी शिफारस केलीय, ही वर्क्स हार्डली. म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. तसं पाहिलं तर हे खरं आहे, पण बाईंना ते म्हणायचं नव्हतं.
सगळं लाल केलं आणि सगळ्यांना एकदम परत पाठवलं, म्हणजे एकाच्या चुकीतून शंभर शिकतील. बाई दुपारभर माझ्या टेबलाकडे पाठ करून बसल्या. एकाग्रता वाढल्याचं लक्षण.

५ मार्च, रात्री जेवणाआधी
ठकूचा मेसेज आला. ठकू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. वर्षभरापासून लांबच्या शहरात नोकरीला आहे. घरचा जुना नियम आहे: बाबांशी बोलायचं मराठीत, पण लिहायचं इंग्रजीत. पहिलीपासून पाळलाय. म्हणून तर आज ती मोठ्या कंपनीत आहे.
मेसेज भला मोठा. आय ॲम हॅविंग टू ऑप्शन्स, अशी सुरुवात. तिथेच मला ठेच लागली. कंपनी तिला समुद्रापलीकडच्या शाखेत पाठवतेय. तीन वर्षांसाठी. नाही म्हटलं तर आहे तीच नोकरी राहील. उत्तर महिनाअखेरीपर्यंत द्यायचंय. पुढे, आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट इट विथ यू. आय ॲम फुल कन्फ्यूज.
माझ्या घरात! डिस्कस अबाउट! माझ्या रक्तात!
मेसेजचा फोटो काढला, त्यावर बोटाने लाल रेघा ओढल्या आणि परत पाठवला. खाली लिहिलं, प्लीज रीराइट अँड सेंड. देन आय शॅल ॲन्सर.
ही भाजी चिरता चिरता म्हणाली, अहो, काय म्हणतेय ठकू? मी म्हणालो, पाच चुका आहेत. ही म्हणाली, चुका जाऊ द्या, म्हणतेय काय? मला पुन्हा वाचून सांगावं लागलं. हिची सुरी थांबली. म्हणाली, मग तुम्ही काय सांगितलंत? मी म्हणालो, प्रश्न शुद्ध येऊ दे.
उत्तर माझ्याकडे तयार आहे. जाऊ नकोस. तीन वर्षं फार झाली. घर (पुढचं खोडलं, विषयांतर होतं.)
पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

७ मार्च
ठकूचं उत्तर: ओके.
पुढे फुलस्टॉप नाही. तो घालून परत पाठवला.

९ मार्च
आलेख घसरला! पहिल्या आठवड्याची रेघ कूलरच्या वर होती, आता कूलरच्या नळाशी आली. लोक पाणी प्यायला येतात आणि बघतात. टायवाला म्हणाला, सर, तुमच्यामुळे पाणी प्यायचंसुद्धा टेन्शन येतं. विनोदाने म्हणाला, पण त्यात आदर होता.
घरीही आलेख सुरू केला. ठकूचा. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. हिला त्यातून कपडे काढताना रोज दिसेल. हिने बघितला. मग माझे शर्ट त्या कपाटातून काढून खुर्चीवर आणून ठेवले. जागेची अडचण असेल.

१२ मार्च
ऑफिसात काम करणं अशक्य झालंय. कॉरिडॉरमध्ये दिवसभर बाजार. जो तो खुर्ची सोडून दुसऱ्याच्या टेबलापाशी उभा. स्टोअरवाला गोदामातून जिने चढून सेल्सकडे येतो, सेल्सवाले जिने उतरून गोदामात जातात. पूर्वी जे चिठ्ठीत व्हायचं ते आता ओरडून चालतं. काल हिशेबनीस बाई खिडकीतून खाली गेटवरच्या माणसाला हातवारे करत होत्या. मोठ्या माणसाने असं करणं शोभत नाही. फोन सतत एंगेज.
शिस्तीबद्दल साहेबांना एक निवेदन द्यायला हवं. लिहीन. सध्या माझ्याकडे वेळ आहे. टेबलावर कागद कमी झालेत.

१४ मार्च
ठकूकडून आज फक्त अंगठा आला. पिवळा, वर केलेला.
मी उलटसुलट बघितला. एकही चूक नाही. अंगठ्यात चूक काढताच येत नाही. दहा दिवसांत पाच चुकांवरून शून्यावर! मुलगी पूर्ण शुद्ध झाली. कपाटातली रेघ खाली तळाशी नेली आणि शेजारी छोटा झेंडा काढला.
प्रश्न मात्र अजून पुन्हा लिहून आलेला नाही. मसुद्यावर मसुदे करत असणार. माझीच मुलगी.

१६ मार्च
टायवाल्याने आज भर कॉरिडॉरमध्ये मला छेडलं. मीटिंग प्रीपोन झालीय, म्हणाला. मी म्हणालो, असा शब्दच नाही. पोस्टपोन आहे, प्रीपोन नाही. शब्द काय घरच्या घरी बनवायचे? तो म्हणाला, सर, डिक्शनरीत बघा. आजूबाजूचे थांबून ऐकायला लागले.
घरी येऊन नवी आवृत्ती काढली. आहे. छापलाय. अर्थासकट.
शब्दकोश मिटून कपाटावर ठेवला. ज्या शब्दकोशाला लोक बोलतील ते घ्यायची सवय लागली, त्याला शब्दकोश का म्हणायचं? त्याला कान म्हणा. ज्या दिवशी रखवालदारच म्हणू लागतो की चोर बरेच दिवस येतोय, आता त्याला घरचा समजू या, त्या दिवशी दरवाजाचं काम संपलं! (हे वाक्य भाषणात वापरायला चांगलं आहे.)
उद्या टायवाल्याला सांगणार की ती आवृत्तीच सदोष आहे.

१७ मार्च
टायवाला भेटला नाही. मीटिंग प्रीपोन झाली होती म्हणून तो लवकर गेला, असं बाईंनी तोंडीच सांगितलं.

१८ मार्च
स्टोअरवाला जिने चढून आला. दम खात म्हणाला, साहेब, ते सोनाराच्या आणि धान्यवाल्याच्या ऑर्डरीचं जरा सांगायचं होतं. मी म्हणालो, तोंडी नको. लेखी द्या. तो म्हणाला, तसं दोनच शब्दांचं आहे. मी म्हणालो, दोन शब्दांतच तुमच्या तीन चुका असतात. तो उभा राहिला. कानाची पाळी खाजवली. म्हणाला, मग राहू द्या, मी खालीच बघतो काय ते. आणि गेला.
बघा! शिकण्याची संधी दारात येते आणि हे लोक जिने उतरून निघून जातात.

२१ मार्च, रात्री
आज सुट्टी. ही हल्ली बाल्कनीत फोन घेऊन बसते. चष्मा नाकाच्या टोकावर आणि एका बोटाने टायपिंग. एक अक्षर शोधायला दोन मिनिटं, मग एकटीच खुदकन हसते. फोन सारखा टिंग टिंग करतो. कोण, विचारलं. म्हणाली, माझी बहीण. म्हटलं, बघू. म्हणाली, बायकांचं काय बघायचंय तुम्हाला? आणि फोन पदराखाली.
माझा फोन सकाळपासून वाजलेला नाही. बॅटरी तपासली. भरलेली आहे.
संध्याकाळी ठकूशी नेहमीचा फोन. आधी ही अर्धा तास बोलली, मग फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, बाबा, अजून काही? मी म्हणालो, लिहून पाठव. तीन वर्षांचा प्रश्न फोनवर उरकायचा नसतो. बोललेलं वाऱ्यावर जातं.
ती म्हणाली, बरं. फोन पुन्हा हिच्याकडे दिला.

२४ मार्च
आजचा दिवस सोन्याचा.
आलेख शून्यावर!
आठवडाभर माझ्या टेबलावर चूक असलेला एकही कागद आला नाही. कागदच आला नाही, हे वेगळं. पण जिथे कागद नाही तिथे चूकही नाही, हे गणित साधं आहे. बावीस दिवसांत एका माणसाने, फक्त एका लाल पेनाने, सत्तर जणांचा कारखाना सुधारला.
दुपारी निरोप आला की साहेबांनी उद्या सकाळी बोलावलंय. निरोप शिपायाने तोंडीच दिला, तोही दारातूनच, आणि पळाला.
सत्कार असणार. निळा शर्ट इस्त्रीला दिलाय. छोटंसं भाषण लिहितोय: मित्रहो, हा विजय माझा नाही. (इथे थांबायचं. टाळ्यांना जागा द्यायची.)

२५ मार्च
भाषण झालं नाही.
साहेबांच्या केबिनमध्ये टायवाला आणि स्टोअरवाला आधीच उभे होते. टेबलावर एक फोटो. एका सोनाराच्या दुकानाच्या दारात आमचा गोण्या तोलायचा काटा, आडवा. सोनार आत अडकलाय, गिऱ्हाईक बाहेर. दुसऱ्या फोटोत एका धान्याच्या कोठाराचा मालक, त्याच्या तळहातावर आमचा सोनं तोलायचा काटा, आणि त्यावर एक गव्हाचा दाणा. त्याने मुद्दाम ठेवलेला दिसतो. चेहऱ्यावरून थट्टा कळत होती.
साहेब म्हणाले, हे कसं झालं? टायवाला म्हणाला, मी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी गेटवर सांगितलं, गेटने स्टोअरला सांगितलं. स्टोअरवाला म्हणाला, माझ्यापर्यंत आलं तेव्हा मोठा सोनाराला, छोटा कोठाराला, असंच आलं. मला शंका आली म्हणून मी यांच्याकडे वर गेलो होतो. साहेब म्हणाले, चार ओळी लिहून का दिल्या नाहीत? मग टायवाला आपल्या टायकडे बघत म्हणाला, साहेब, हल्ली कोणी लिहीत नाही. भिंतीवर नाव लागतं.
साहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, या महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर कारखान्यातून बाहेर किती पत्रं गेली, माहीत आहे? मी म्हणालो, चुकीचं एकही नाही. साहेब म्हणाले, एकही नाही! एवढंच बोला, आधी चुकीचं लावू नका.
मी दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं. केबिनमध्ये चौघे जण, श्रोते पुरेसे होते. पण साहेबांनी डोक्याला हात लावला होता. हात लावलेल्या डोक्यासमोर बोलू नये, हा वक्त्याचा पहिला धडा.
आलेख उतरवला. साहेबांनीच. कूलरजवळ आता चार चिकटपट्ट्यांच्या खुणा आहेत.

२६ मार्च
माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत. तिथे तीस वर्षांची पत्रं पडून आहेत. साहेब म्हणाले, ती लावून ठेवा, पण लाल पेन खिशातून काढायचं नाही.
म्हणजे मला संशोधनासाठी मोकळं केलंय. उघड म्हणता येत नसेल त्यांना.
वर कॉरिडॉर आज शांत होता. कीबोर्डचा आवाज खालपर्यंत येत होता. टायवाल्याने जाता जाता सांगितलं, सर, सकाळपासून पंधरा पत्रं गेली. मी विचारलं, चुका? तो म्हणाला, असतील की भरपूर. आणि शीळ घालत गेला.
खोलीत कोणी नव्हतं. १९ वर्षांपूर्वीच्या एका पत्रात दोन चुका सापडल्या. लिहिणारा निवृत्त झालाय. पत्ता शोधतोय.

२९ मार्च
ठकूचा प्रश्न अजून आला नाही.
उत्तर मात्र लिहून ठेवलंय. सातवा मसुदा. पहिल्यात फक्त डू नॉट गो होतं, फार उघडंबागडं वाटलं. दुसऱ्यात कारणं घातली. तिसऱ्यात कारणांना क्रमांक दिले. पाचव्यात शुड की वुड यावर दुपार गेली. सातवा निर्दोष आहे. वाचून मलाच कळेना की मी तिला जा म्हणतोय की राहा. पण भाषा निर्दोष.
पाठवता येत नाही. प्रश्नाच्या आधी उत्तर गेलं तर त्याला अर्थ काय? परवा मुदत संपते. तिने घाई करावी.
ही म्हणाली, अहो, तुम्हीच एक फोन करा. मी म्हणालो, नियम तिने मोडायचा आणि फोन मी करायचा? ही म्हणाली, तुमचा नियम घाला चुलीत. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे. हे मी बोललो नाही. वातावरण नव्हतं.

३१ मार्च, संध्याकाळी सहा
प्रश्न आला नाही.

३१ मार्च, नंतर
सव्वासहाला हिने माझ्यासमोर स्वतःचा फोन ठेवला आणि म्हणाली, वाचा. मी जाते दिवाबत्तीचं बघायला. बल्ब गेलाय स्वयंपाकघरातला.
ग्रुप होता. नाव: चुका माफ. सभासद तीन: ठकू, ही आणि हिची बहीण. सुरू झाल्याची तारीख सात मार्च. त्याच दिवशी मी फुलस्टॉप घातला होता.
मी मेसेज वर सरकवत नेले आणि पहिल्यापासून वाचलं. पानंच्या पानं. माझ्याशी अंगठ्यापलीकडे न बोलणारी मुलगी इथे दिवसाला वीस वीस मेसेज करते. तिला मधे ताप आला होता. घरमालकीण तिला कढण (पेज होती, मी नीट वाचलं नव्हतं) करून देत होती. तिने नवे बूट घेतले, ते चावले. सगळं इंग्रजीत. सवय आहे ना. आणि कसलं इंग्रजी! कुंपण नसलेलं. आणि ही, माझी बायको, जिने शाळेनंतर इंग्रजीचं पान उलटलं नाही, ती एका बोटाने तिला उत्तरं देतेय. कोणालाही लाज नाही. तिघी हसतायत.
मग ते आलं.
ठकू: व्हॉट बाबा इज सेइंग?
ही: बाबा थिंकिंग.
दोन दिवसांनी ठकू: स्टिल थिंकिंग?
ही: यस. वॉकिंग अँड थिंकिंग. ईटिंग अँड थिंकिंग.
मावशी: ही इज बॉर्न थिंकिंग.
असं रोज. रोज ती विचारतेय, आणि रोज ही माझ्यावर पांघरूण घालतेय. मी थिंकिंग करत नव्हतो. माझं उत्तर पाच तारखेलाच तयार होतं.
सत्तावीस तारखेला ठकू: इफ बाबा सेज डोन्ट गो, आय विल नॉट गो. ओन्ली वन टाइम ही शुड से.
वन टाइम नव्हे, वन्स. लाल पेन माझ्या हातात होतं, कधी घेतलं आठवत नाही. फोनच्या काचेवर लाल पेन उमटत नाही.
शेवटचा मेसेज आज सकाळचा. आय सेड यस टू देम.

३१ मार्च, आणखी नंतर
फोन केला. मी. नियम बाजूला ठेवून. वाक्य तोंडात तयार होतं, दोनच शब्दांचं, मराठीत.
तिने उचलला. मागे मैत्रिणींचा गलका. म्हणाली, बाबा! तुम्ही? काय झालं? आई बरी आहे ना? आवाज असा उजळलेला होता की माझ्या तोंडून निघालं, अभिनंदन.
सातही मसुद्यांत हा शब्द कुठेच नव्हता.
ती म्हणाली, थँक्यू बाबा, मला वाटलं तुम्ही रागावलात. मी म्हणालो, छे. मग जेवलीस का विचारलं. साडेसात वाजले होते, ती कशाला जेवेल.

२ एप्रिल
हिला म्हणालो, मला त्या ग्रुपमध्ये घ्या. ही म्हणाली, माझ्या हातात नाही, ठकूला विचारते. माझ्याच घरात माझा अर्ज!
उत्तर आलं: बाबांना घेऊ, पण एका अटीवर.
संध्याकाळी घेतलं. बघतो तर लिहायच्या जागी एक बारीक ओळ, की या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात. ॲडमिन कोण? ठकू, ही आणि मावशी. म्हणजे मी सोडून ग्रुपच. मला वाचता येतं, बोलता येत नाही. आयुष्यभर मंचावर उभा राहिलेल्या माणसाला श्रोत्यांत, तेही शेवटच्या रांगेत!
ही म्हणाली, हवं तर मेसेजवर अंगठा देता येतो, तेवढं ठेवलंय तिने.
एका अर्थी मला निरीक्षक म्हणून नेमलंय. निरीक्षक बोलत नसतात.

१२ एप्रिल, टॅक्सीतून परतल्यावर
ठकू दोन दिवसांसाठी घरी आली आणि आज गेली.
दोन्ही दिवस घर बॅगांनी भरलेलं. कपाटात रिकामा हँगर शोधताना तिला दाराच्या आत तो आलेख दिसला. खाली तळाशी गेलेली रेघ आणि झेंडा. म्हणाली, बाबा, हा माझा? मी म्हणालो, हो, तू शून्यावर आलीस. तिने झेंड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, हो, त्या दिवसांत मी शून्यावरच होते. आणि दार लावलं. विषय संपला म्हणून मी बॅगेचं वजन करायला गेलो. कारखान्यातून काटा आणला होता. बॅग दीड किलो जास्त भरली. काय काढायचं यावर तास गेला, तेवढा तास बरा गेला.
विमानतळाच्या दारात ट्रॉल्यांची गर्दी. माझ्या खिशात भाषण होतं, आठवा मसुदा. मागचे लोक म्हणत होते, काका, पुढे सरका. ठकू हिच्या गळ्यात पडली. मग माझ्या. मी कागदाला हात घातला आणि विचारलं, पासपोर्ट? ती म्हणाली, हातातच आहे बाबा. मी विचारलं, पाणी? ती म्हणाली, आत मिळतं. मग डोळे पुसत हसत म्हणाली, बाबा, मी पोचेपर्यंत लिहीत राहीन, चुका काढायच्या नाहीत, नुसतं वाचायचं. मी म्हणालो, बघू.
ती आत गेली. हिने टॅक्सी बोलावली तरी मी काही काळ तिथेच होतो. गुडघा धरला होता.
टॅक्सीत बसल्यावर पहिला मेसेज. हिचा चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता, म्हणून हिने मला विचारलं, काय म्हणतेय? मी बघितला. म्हणालो, तीन चुका आहेत. ही म्हणाली, चुका नाही विचारल्या.
मी पुन्हा वाचलं. आय सॉ यू बोथ फ्रॉम अपसाइड, थ्रू द ग्लास. आई वॉज कॉलिंग टॅक्सी. बाबा वॉज स्टँडिंग ओन्ली. व्हाय ही इज नॉट गोइंग होम?
हिला सांगितलं, विचारतेय, बाबा घरी का जात नाहीत.
ही खिडकीबाहेर बघायला लागली.
याला उत्तर द्यायला हवं होतं. मुद्देसूद. गुडघ्याचं कारण, रांगेची अडचण, टॅक्सीला झालेला उशीर. खाली तीच बारीक ओळ, फक्त ॲडमिन लिहू शकतात. अंगठा दिला. पिवळा, वर केलेला.
हिने शेवटी चष्मा शोधला. फोन घेतला, दोन सिग्नल जाईपर्यंत एका बोटाने अक्षरं वेचली आणि पाठवलं: बाबा कमिंग होम. स्टिल थिंकिंग.
तिकडून लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली, आणि त्यांच्या शेवटी एक रडणारा.
मी दुरुस्ती केली नाही. पेन घरी राहिलं होतं.